बी-३ घ्यावा, की शेजारच्या आजींचा फुकटचा ऑर्गन?

पत्र थोडक्यात असं: ताई ५४ वर्षांच्या आहेत. पंचवीस वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहतात. लहानपणापासून पेटी वाजवतात आणि मंडळाच्या कार्यक्रमांत नाट्यगीतांना साथ करतात. त्यांचे वडील, अण्णा, पुण्यात हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. ऑर्गन दर प्रयोगाला भाड्यानं यायचा. घरात ऑर्गन कधीच नव्हता, नुसती पेटी होती. गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांच्या साथीची एक कॅसेट ताईंकडे आहे. मुलं शिकायला बाहेर पडल्यामुळे बेसमेंट मोकळं झालंय आणि तिथे आता स्वतःचा ऑर्गन असावा असं ताईंच्या मनानं घेतलंय.

तीन पर्याय समोर आलेत. एका दुकानात हॅमंड या अमेरिकन कंपनीचा विजेवर चालणारा जुना ऑर्गन, बी-३, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरसह ७,००० डॉलरला आहे. "बी-३ म्हणजे सोनं, किंमत वाढतच जाणार," असं दुकानदार म्हणतो. जवळचं एक चर्च हॅमंडचा ए-१०० दीड हजाराला काढतंय. आणि शेजारच्या आजी त्यांचा हॅमंड एल-१०० फुकट द्यायला तयार आहेत. यजमानांचं म्हणणं, एक चांगला डिजिटल कीबोर्ड घे आणि मोकळी हो. सहा-सात वर्षांनी दोघांना पुण्याला परतायचंय आणि ऑर्गन बरोबर न्यायचाय. ताई लिहितात: "स्वस्तातला घेतला तर अण्णांच्या आठवणीशी तडजोड केल्यासारखं वाटेल. काय करू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा ऑर्गनसाठी आणि एकदा अण्णांसाठी. दुसऱ्या वाचनात एक प्रश्न मनात आला. तो आधी विचारतो, कारण तुमचे सात हजार डॉलर त्याच्या उत्तरावर अडलेत. अण्णा वाजवायचे तो ऑर्गन पायानं भाता मारायचा होता, की विजेवर चालणारा?

तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला जवळजवळ खात्री आहे की तो पायाचा असणार. मराठी रंगभूमीवर आपण ज्याला ऑर्गन म्हणतो तो हाच. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांना ज्यावर साथ करायचे तो हाच, आणि पुढे गोविंदराव पटवर्धनांच्या हाताखाली बोलला तोही हाच. दोन्ही पाय पायट्यांवर, आत हवा खेचणारा भाता आणि त्या हवेनं थरथरणारे पितळी रीड. तुमच्या पेटीचाच थोरला भाऊ म्हणा. पेटीत हवा बाहेर ढकलली जाते आणि अमेरिकन घडणीच्या या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून आवाज पेटीपेक्षा गोल आणि मऊ येतो. पण जात एकच, रीडची.

हॅमंडमध्ये रीडही नाही आणि भाताही नाही. एक मोटर फिरते, तिच्यावर दातेरी चक्रांच्या मदतीनं बी-३ मध्ये ९१ छोटी पोलादी चाकं फिरतात. प्रत्येक चाकाची कड उंचसखल असते आणि तिच्यासमोर चुंबक व तारेची गुंडाळी असते. चाक फिरलं की गुंडाळीत बारीकसा वीजप्रवाह लहरतो, तोच सूर. लॉरेन्स हॅमंड हे विजेच्या घड्याळांचे कारखानदार होते, हे कळलं की या वाद्याचा स्वभाव लगेच उमगतो. घड्याळातल्यासारखीच मोटर, तशीच चाकं. १९३४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑर्गन बाजारात आला.

या चाकांतून निघणारा सूर अगदी साधा असतो, बासरीच्या खालच्या सप्तकासारखा, जवळजवळ निखळ. त्यात रंग भरायचे ते ड्रॉबार नावाच्या नऊ दांड्या ओढून. एक दांडी मूळ सुराची, एक खालच्या सप्तकाची, एक वरच्या सप्तकाची, एक पंचमाची, एक गंधाराची, अशा. तुम्हाला तानपुरा लावायची सवय असेल तर हे पटकन कळेल. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा अंतरगंधार इथे वेगळ्या दांडीनं आणावा लागतो. पण एक गोष्ट आणता येत नाही. मूळ सुराच्या सातपट कंपनांचा स्वरांश रीडमध्ये असतो, बी-३ च्या नऊ दांड्यांत त्याची दांडीच नाही. पेटीला जी किंचित नाकातली धार असते ती तुम्ही कितीही दांड्या ओढल्यात तरी हॅमंडमधून पुरती येणार नाही. सात हजारांच्या बी-३ मधूनही नाही आणि फुकटच्या एल-१०० मधूनही नाही.

म्हणून पहिलं काम: अण्णांची कॅसेट फोनवर उतरवून घ्या आणि ऑर्गन बघायला जाताना बरोबर न्या. कॅसेटमधल्या पदाची एक ओळ ऐका, तीच ओळ समोरच्या ऑर्गनवर वाजवा, पुन्हा ऐका. तेवढ्यात कळेल. "हे ते नाही" असं आतून आलं, तर तुम्हाला विजेचा ऑर्गन नकोच आहे. मग रीड ऑर्गन शोधा. तुम्ही अमेरिकेत आहात आणि ही वाद्यं तिथेच लाखांनी बनली. व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावच्या एका एस्टी कंपनीनंच पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. आज ती वाद्यं जुन्या घरांच्या दिवाणखान्यात फुलदाण्या ठेवायला वापरतात आणि बऱ्याचदा मातीमोलानं निघतात. भात्याचं कापड बदलून रीड साफ करून घेतले की त्यांतली कितीतरी पुन्हा गाऊ लागतात. हा चौथा पर्याय तुमच्या यादीत नव्हता, पण माझ्या मते तो सगळ्यात आधी तपासायला हवा.

आता दुसरी बाजू. समजा ओळ वाजवलीत आणि वाटलं, हे अण्णांचं नाही, पण हात उचलवत नाहीये. तर हॅमंड नक्की घ्या, पण त्याच्यासाठी घ्या. ते स्वतंत्र वाद्य आहे, आणि तुमच्याच गावचं. हॅमंड यांची कंपनी शिकागोची. १९३९ मध्ये शिकागोच्याच फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये केनेथ मॉरिस यांनी हॅमंड गॉस्पेलच्या, म्हणजे तिथल्या भक्तिगीतांच्या, साथीला आणला आणि कृष्णवर्णीय चर्चच्या संगीताचा चेहरा बदलला. एखाद्या रविवारी तुमच्या शहरातल्या अशा चर्चमध्ये जाऊन बसा. प्रवचन चालू असताना ऑर्गनवाला बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे जे भरतो ते आपल्या साथीला फार जवळचं आहे. गायकाच्या जागा पकडणं, त्याला श्वास घ्यायला वेळ देणं, सूर धरून ठेवणं. अण्णा हेच करायचे ना?

साथीत लागणारा आवाजाचा लहानमोठेपणा हॅमंडवर पायानं सांभाळायचा असतो. पेटीत डावा हात भात्यावर असतो आणि सुराला श्वास तिथून मिळतो. हॅमंडची पट्टी हलकी दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. चढउतार येतो तो उजव्या पायाखालच्या पेडलमधून. पहिले दोन महिने हे फार अवघड जाईल, कारण हाताला सवय आहे आणि पायाला नाही. याची तयारी ठेवा.

बी-३ च्या सोन्याबद्दल बोलू. दुकानदार पूर्ण खोटं बोलत नाहीये. बी-३ ला मागणी आहे आणि नीट राखलेल्या जोडीला चांगली किंमत येते. पण तुम्ही नेमके कशाचे पैसे देताय ते बघा. बी-३ च्या पोटात जे यंत्र आहे तेच यंत्र सी-३ मध्ये आहे, फरक फक्त लाकडाचा. बी-३ चार कोरीव पायांवर उभा असतो आणि सी-३ चर्चसाठी सगळीकडून बंद केलेला असतो. आणि तेच यंत्र १९५९ ते १९६५ या काळात बनलेल्या ए-१०० मध्येही आहे. तीच ९१ चाकं, तेच दोन्ही ६१ पट्ट्यांचे हातपट (हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळी), तीच पर्कशन (पट्टी दाबताच येणारा ठोक), तेच व्हायब्रॅटो (सुराला दिलेला कंप). उलट ए-१०० मध्ये स्वतःचा अँप्लिफायर, स्पीकर आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब (घुमारा) आतच असतो, कारण तो घरात ठेवण्यासाठी बनवला होता. तेव्हा दुकानदाराच्या सात हजारांतला मोठा वाटा लेस्लीचा आणि त्या चार पायांचा आहे. मंचावर दिसण्यासाठी घेणाऱ्याला पायांचे पैसे देणं परवडतं. तुमचा ऑर्गन बेसमेंटमध्ये भिंतीला लागून उभा राहणार आहे.

कान नावाला किती भुलतो याचा एक जुना किस्सा आहे, हॅमंडचाच. आमचा ऑर्गन पाइप ऑर्गनच्या तोडीचा आहे अशा जाहिराती कंपनी करत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यावर आक्षेप घेतला. तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये तिथल्या भव्य पाइप ऑर्गनसमोर हॅमंड ठेवून, ऐकणाऱ्यांना वाद्य दिसणार नाही अशी परीक्षा झाली. जाणकारांसह सगळ्यांचे मिळून सुमारे एक तृतीयांश अंदाज चुकले. कमिशननं नंतर कंपनीला काही दावे बंद करायला लावले, तो भाग वेगळा. पण तुम्हीही हे घरी करून बघा. बी-३, ए-१०० आणि एल-१०० यांची ध्वनिमुद्रणं यजमानांना नाव न सांगता लावायला सांगा आणि तुम्हाला आवडलेली क्रमानं लिहून काढा. मगच नावं बघा.

लेस्लीबद्दल मात्र दुकानदाराचं म्हणणं मला मान्य आहे. डॉन लेस्ली यांनी बनवलेल्या या लाकडी कपाटात वर एक कर्णा फिरतो आणि खाली मोठ्या स्पीकरसमोर एक पिंप फिरतं. आवाज कधी तुमच्याकडे तोंड करतो, कधी पाठ. त्यामुळे सपाट सूर श्वास घेऊ लागतो. स्वतः हॅमंड यांना हा स्पीकर मुळीच आवडत नव्हता, पण वाजवणाऱ्यांनी त्यांचं ऐकलं नाही. माझं मत विचाराल तर साधा ऑर्गन आणि चांगली लेस्ली ही जोडी भारी ऑर्गन आणि साध्या स्पीकरपेक्षा कानाला जास्त देते. आणि लेस्ली नंतरही घेता येते. आजच सगळं एकदम घेण्याची घाई नको. शिवाय संथ नाट्यगीताच्या साथीला ती गरगर कितपत रुचेल, ते आधी कुठेतरी ऐकून ठरवा.

आजींचा एल-१०० तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलाय. त्याची बाजू मी मांडतो. तो स्पिनेट आहे, म्हणजे घरगुती, आखूड ऑर्गन. दोन्ही हातपट ४४ पट्ट्यांचे, एकमेकांपासून थोडे सरकवलेले. खालच्या हातपटाला ड्रॉबार कमी आणि व्हायब्रॅटो बी-३ इतका गडद नाही. पण आत चाकंच फिरतात, आवाज हॅमंडचाच आहे. ४४ पट्ट्या म्हणजे साडेतीन सप्तकांच्या वर. तुमची पेटी किती सप्तकांची आहे? साथीला त्याहून जास्त लागलं का कधी? स्पिनेटला कमी लेखणाऱ्यांना मी नेहमी एक उदाहरण देतो. १९६२ चं 'ग्रीन अनियन्स', ज्याच्यामुळे हॅमंडचा आवाज घराघरात पोहोचला, ते बुकर टी. जोन्स यांनी एम-३ या स्पिनेटवर वाजवलं होतं.

स्पिनेटची किंमत मात्र कधी वाढणार नाही. लोक ती फुकट देतात, कारण ती उचलून न्यायला कुणी मिळत नाही. वजन शंभर किलोच्या वर. बाक आणि पेडलांसह बी-३ तर दोनशे किलोंच्या आसपास जातो. म्हणूनच 'गुंतवणूक' हा शब्द मला खटकला. सोनं लॉकरमध्ये ठेवता येतं. हा जिना उतरवायला चार माणसं लागतात, दरवर्षी तेल लागतं, आणि बिघडला तर बघायला येणारा माणूस तासाचे पैसे घेतो. सहा वर्षांनी तुम्ही परत निघाल तेव्हा तुम्हाला घाई असेल आणि घेणाऱ्याला ते कळेल. ऑर्गनमध्ये घातलेले पैसे वाजवून वसूल होणार आहेत असं धरूनच आकडा ठरवा. त्या हिशेबात ७,००० बसत असतील तर बसू देत, पण 'परत मिळतील' या आशेवर नको.

आता पुणे. पत्रातलं हे एक वाक्य वाचून मी खरोखर दचकलो, आणि परदेशातून असं वाद्य भारतात आणायचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं हे नीट वाचावं. मी वर म्हटलं, हॅमंडची मोटर घड्याळासारखी असते. ती विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, भारतातली ५०. अमेरिकन हॅमंड पुण्यात लावलात तर सगळी चाकं सहाला पाच या प्रमाणात हळू फिरतील आणि अख्खा ऑर्गन तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरेल. तुम्ही काळी चार दाबाल आणि ऐकू येईल पांढरी चार, तीही नेमकी नाही, किंचित उतरलेली. पेटीशी तो जुळणार नाही, बासरीशी जुळणार नाही. आणि सूर लावायचा स्क्रू त्यात नाहीच, कारण सुरांची प्रमाणं दातेरी चक्रांत कायमची कोरलेली आहेत.

"मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊ," असं यजमान म्हणतील. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११७ करेल, पण ५० हर्ट्झचे ६० करणार नाही. त्यासाठी वारंवारता बदलणारं वेगळं, शुद्ध साइन लहरीचं यंत्र लागतं. ते मिळतं, पण आणखी एक खर्च आणि बिघडणारी आणखी एक वस्तू वाढते. लेस्लीच्या मोटरीही ५० हर्ट्झवर मंदावतात. त्यात समुद्रमार्गे दोनशे किलोंचं भाडं, आणि पुण्यात हॅमंड उघडून बघणारा माणूस शोधणं. मी तुमच्या जागी असतो तर हॅमंड तिथेच उपभोगून तिथेच कुणा तरुण वाजवणाऱ्याला देऊन आलो असतो. रीड ऑर्गनला विजेच्या या भानगडींतलं काहीच लागत नाही. तो पुण्यात वीज गेली तरी वाजेल.

यजमानांच्या कीबोर्डलाही मी तोडून टाकत नाही. आजचे चांगले डिजिटल ऑर्गन या चाकांचा आवाज फार जवळून काढतात, एका माणसाला उचलता येतात, भारतात चालतात, आणि पट्टी बदलायचं बटण त्यांत असतं. जुन्या हॅमंडमध्ये ते नाही. मंडळाच्या कार्यक्रमात एक गायिका काळी चारची आणि दुसरा गायक काळी एकचा असला की तुम्हाला त्या त्या पट्टीत बोटं फिरवता यायला हवीत. ती तुम्हाला पेटीमुळे येतच असणार. पण कार्यक्रमांना घेऊन जायचं वाद्य हवं असेल तर यजमान बरोबर आहेत. घरात रोज संध्याकाळी बसायचं वाद्य हवं असेल तर ते चूक आहेत. लाकडाचा तो वास, आतल्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब तापेपर्यंतची शांतता आणि मोटरची बारीक घरघर, यासाठी माणूस जिना उतरून खाली जातो. कीबोर्डसाठी जाईल असं मला वाटत नाही.

समजा चर्चचा ए-१०० किंवा आजींचा एल-१०० बघायला निघालात. आधी फोन करून सांगा: "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." हे मी ठेच खाऊन शिकलो. न्यू जर्सीत असताना हॅमंडचाच एक एम-१०० घेतला, तो मी पोहोचलो तेव्हा आधीच वाजत होता आणि सुरेख वाजत होता. घरी आणला, थंडीत एक रात्र गॅरेजमध्ये राहिला आणि दुसऱ्या दिवशी मोटर हलेना. वर्षानुवर्षं तेल न घातल्यामुळे आतलं जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. विकणाऱ्यानं तासभर आधी चालू करून तो मोकळा करून ठेवला होता. नवं तेल मुरायला तीन आठवडे गेले. तेव्हा वाद्य थंडच बघा.

ए-१०० ला दोन खटके असतात. 'स्टार्ट' आठेक सेकंद दाबून धरायचा, मोटर वेगात आल्याचा आवाज येतो. मग तो न सोडता 'रन' चालू करायचा आणि आणखी चार सेकंदांनी स्टार्ट सोडायचा. चर्चचे पाद्री किंवा एखाद्या घरचे आजोबा हे विसरलेले असतात आणि ऑर्गन 'बंद पडलाय' म्हणून स्वस्तात काढतात. तिथे तुमचा फायदा. एल-१०० एका खटक्यावर चालू होतो.

मग सगळ्या दांड्या आत ढकला आणि एकच दांडी पूर्ण ओढा. डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. मग ती आत, पुढची बाहेर, पुन्हा सगळ्या पट्ट्या. अर्धा तास लागेल, विकणारा कंटाळेल, कंटाळू दे. एखादी पट्टी एकाच दांडीवर मुकी असेल तर तिचा विजेचा संपर्क मळलाय, बऱ्याचदा वाजवून वाजवून तो सुटतो. पण एकच सूर वेगवेगळ्या दांड्यांवर, वेगवेगळ्या पट्ट्यांतून, दर ठिकाणी गायब असेल तर दुखणं खोल आहे, चाकापर्यंत किंवा तिथून येणाऱ्या तारेपर्यंत. तो ऑर्गन सोडा किंवा तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पट्टी दाबताना येणारी बारीक 'टिक' मात्र दोष समजू नका. कारखान्याला ती दोष वाटायची, वाजवणाऱ्यांना तीच हवी असते.

ए-१०० मध्ये वरच्या हातपटाच्या डावीकडे उलट रंगाच्या पट्ट्या दिसतील, त्या आवाज निवडायच्या. पर्कशन तपासताना त्यांतली 'बी', म्हणजे अगदी उजवीकडची, दाबलेली असायला हवी. दुसरी कुठलीही दाबली तर पर्कशन वाजतच नाही आणि लोक उगाच तिला बिघाड समजतात.

मागची फळी काढायला सांगा आणि टॉर्च मारा. उंदरांच्या लेंड्या, ओल, पाण्याची रेघ. शिकागोकडच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट १९६० च्या दशकातल्या ऑर्गनची. हातपटांच्या आत तेव्हा वापरलेला फोम आता कुजून चिकट होतो आणि तारा व धातू खातो. तो काढायला हातपट खोलावे लागतात, खर्चिक काम. त्यामुळे ए-१०० कुठल्या साली बनला आणि फोमचं काम झालंय का, हे चर्चला नक्की विचारा. जुन्या, १९६४ च्या आधीच्या ऑर्गनमध्ये मेणाचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. ते वयानं ढिले पडतात आणि आवाज दबका होतो. काहींना तो दबका आवाजच आवडतो. नाट्यगीताला मलाही आवडतो.

आता 'तडजोडी'बद्दल. ताई, तुम्हीच लिहिलंय की अण्णांचा स्वतःचा ऑर्गन कधी नव्हता. दर प्रयोगाला भाड्यानं येईल तो. कधी भाता फाटका, कधी एखादा रीड बसलेला, कधी सूर पेटीपेक्षा उतरलेला. त्यावर पहिला अंक सुरू व्हायच्या आत हात बसवून त्यांनी नटांना साथ केली. त्यांची आठवण महागड्या वाद्यात आहे असं मला तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही. ती त्या कॅसेटमध्ये आहे आणि तुमच्या बोटांत आहे. आजींचा ऑर्गन घेतलात तर अण्णांशी काही उणं होणार नाही.

मी काय केलं असतं ते सांगतो. या शनिवारी कॅसेटची परीक्षा. रीडचाच आवाज हवा असं निघालं तर रीड ऑर्गन शोधायला दोन-तीन महिने देईन आणि तोच पुण्याला नेईन. हॅमंड आवडला तर आधी आजींचा एल-१०० तपासून घरी आणेन आणि सहा महिने रोज बसेन. सहा महिन्यांनी हात खालच्या हातपटावर अपुरा पडतोय, ड्रॉबार कमी पडताहेत असं स्वतःहून जाणवलं तर ए-१०० सारखा मोठा ऑर्गन शोधेन. ए-१०० पुन्हा सापडतो. चर्चचा नेमका हाच ए-१०० सोडवत नसेल आणि वरच्या सगळ्या तपासण्यांत उतरला, तर दीड हजार हा वाईट सौदा नाही. बी-३ च्या वाटेला मात्र गॉस्पेल किंवा जॅझ मन लावून शिकायचं ठरलं तरच जाईन.

घरी आणायच्या दिवशी दोन गोष्टी. आतली चाकांची पेटी स्प्रिंगवर तरंगत असते, ती हलवण्याआधी बोल्टनं घट्ट करून घ्या आणि जागेवर आल्यावर आठवणीनं सैल करा. आणि तेल फक्त हॅमंडच्या जनरेटरसाठी, म्हणजे याच चाकांच्या पेटीसाठी, विकलं जातं तेच, वर्षातून एकदा, ज्या छोट्या वाट्यांतून दोरे आत जातात त्यांत. घरातलं शिवणयंत्राचं तेल कितीही हाताशी असलं तरी नको.